उमेद देणारा सोबती

खरीप हंगाम संपत आला म्हणजे शेतकऱ्याच्या घरी दोन हिशेब चालू असतात. एक पैशाचा, तो वहीत मांडता येतो. दुसरा मनाचा, तो कोणी मांडीत नाही, आणि आम्हा विस्तार कार्यकर्त्यांच्या मासिक अहवालातही त्यास रकाना नसतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या हिशेबाविषयी लिहावयाचे आहे.

सन २०१७ च्या खरिपात मराठवाड्यातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्या वेळी मी नोकरीत नवखा होतो व या जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते. ही अळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजते, त्यामुळे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बीटी वाणासही ती दाद देईनाशी झाली होती. बाहेरून हिरवे दिसणारे बोंड फोडावे तो आत सरकी पोखरलेली व रुई डागाळलेली! ज्या गावात मी कपाशीविषयी मोठ्या विश्वासाने बोललो होतो, त्या गावात जाण्याचे मी टाळू लागलो. कार्यालयात कागद पुष्कळ असतात. टाळावयाचेच असेल तर निमित्ताला तोटा नाही.

आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक कृषी सहायक होते. एके दिवशी ते म्हणाले, “साहेब, उद्या माझ्यासंगं चला. शिव्या तर खायच्याच आहेत. एकट्यानं खाण्यापेक्षा दोघांनी खाऊ.” आम्ही गेलो. बोलणी बसली, आणि नंतर चहाही मिळाला. माझी नोकरी त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे मी समजतो.

पुढे त्यांच्याच आग्रहावरून जालन्याजवळील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तेथे कृषी विज्ञान मंडळाची चर्चा दर महिन्याच्या ५ तारखेस भरते. मराठवाडा शेती साह्य मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांनी या भागात शेतकरी व शास्त्रज्ञ यांना एकत्र बसविण्याची जी परंपरा रुजविली, तिचे हे फळ होय. मी गेलो त्या बैठकीत एका शेतकऱ्याने उभे राहून आपले नुकसान सांगितले. कोणी हळहळले नाही, कोणी हसलेही नाही. मागील रांगेतून एकाने एवढेच विचारले, “फरदड कुठवर ठेवली होती?” उत्तर आले, “मार्चपर्यंत.” पुढचा अर्धा तास त्यावरच चर्चा झाली. तो शेतकरी खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. आपल्यावर दैव कोपले असे समजून आलेला माणूस, आपली एक चूक सापडली असे समजून परतला. आणि चूक दुरुस्त करता येते.

येथे ग्रामसेवक बंधूंनी व शेतकऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. नुसती पाठ थोपटणारा सोबती वेगळा व नेमका प्रश्न विचारणारा वेगळा. पहिल्याची उणीव कोणत्याच गावात नसते. उधारीची वही उघडी असेतो धीर देणारे दुकानदारही भेटतात! दुसरा मात्र शोधावा लागतो. तो फार मोठा बागायतदार नसावा. कालव्याच्या पाण्यावरील बाग पाहून कोरडवाहू शेतकरी अधिकच खचून घरी येतो, हे मी अनेक शिवारफेऱ्यांत पाहिले आहे. जमीन आपल्यासारखी, पाणी आपल्याइतकेच, आणि आपल्यापुढे एकच पाऊल गेलेला, असा माणूस पाहावा. बहुधा तो दोन-तीन बांधांपलीकडेच असतो.

जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. (१९८१ पर्यंत हा भाग आपल्याच जिल्ह्यात मोडत असे.) १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे माथा ते पायथा पाणलोटाचे काम झाले आणि त्याच गावात पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. लोक बागा पाहून येतात. परंतु आरंभीची अडचण फारसे कोणी विचारीत नाही. बांध घालताना वरच्या शेतकऱ्याची जमिनीची पट्टी जाते आणि पाण्याचा मोठा लाभ खालच्यास होतो. अशा वेळी वरच्या शेतकऱ्याच्या दारी वारंवार जाऊन बसणारी माणसे गावातलीच लागतात. शेततळ्यांविषयी मात्र इशारा देणे अवश्य आहे: विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरल्याने पाणी वाढत नाही, उलट उन्हाने काही उडून जाते. एकाचे पाहून दुसऱ्याने करण्यातही प्रश्न विचारणारा हवाच.

बोंडअळीच्या बाबतीत तर सोबत ही केवळ मनाची गोष्ट नाही. आपण डिसेंबरअखेर कपाशी काढली आणि शेजाऱ्याने फरदड राखली, तर त्याच्या शेतातील पतंग पुढील हंगामात आपल्याकडे येणारच. कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, पऱ्हाटी बांधावर रचून न ठेवणे, ही सारी कामे शिवाराने मिळून केली तरच फळ देतात.

ज्या गावात आम्ही दोघे बोलणी खावयास गेलो होतो, तेथील काही शेतकरी पुढील वर्षी महिन्यातून एकदा मारुतीच्या पारावर बसू लागले. पहिल्या बैठकीस सहा जण होते, दुसऱ्या बैठकीस चार. मी व ते कृषी सहायक धरून! तरी बैठक मोडली नाही. त्या जानेवारीत शिवारफेरी केली तेव्हा दोन शेते सोडता पऱ्हाटी कोठेही उभी नव्हती. त्या दोन शेतांच्या मालकांकडे जावयाचे काम गावकऱ्यांनी आमच्याकडे न देता स्वतःकडे ठेवले.