झिरोचा दिवा आणि स्तनाचा कर्करोग

“लेकरू लहान आहे, रात्रभर झिरोचा दिवा लागतो. त्यानं स्तनाचा कर्करोग होतो म्हणतात, खरं का?” गेवराई तालुक्यातील उमापूरला एका शिक्षिकेने आम्हाला विचारलेला हा प्रश्न. मुळात ही शंका आली कोठून, ते आधी पाहू.

अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. रात्री डोळ्यांवर प्रखर, विशेषतः निळसर प्रकाश पडला तर हा स्राव घटतो. मेलाटोनिन कर्कपेशींच्या वाढीला आळा घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून १९८७ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टीव्हन्स यांनी तर्क मांडला, की विजेच्या दिव्यांमुळे स्तनाचा कर्करोग वाढत असावा. पुढे २००१ मध्ये, ३० वर्षे वा अधिक काळ रात्रपाळ्या केलेल्या अमेरिकी परिचारिकांमध्ये हा धोका ३६ टक्क्यांनी अधिक आढळला.

आपल्याकडचे आकडेही वरवर हेच सांगतात. २०२० च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात स्त्रियांमधील एकूण कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडचे होते: वर्षाला लाखामागे ४९.४. झगमगत्या मुंबईत स्तनाचा कर्करोग या जिल्ह्यांपेक्षा कितीतरी अधिक. मग दोष दिव्यांचाच का?

थांबा! खेड्यात पहिले मूल लवकर होते, मुले अधिक असतात, अंगावरचे दूधही जास्त काळ पाजले जाते. या गोष्टींनी धोका घटतो. शिवाय ज्या बाईचे निदानच झाले नाही, तिची नोंद कोठून होणार? दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही.

घरातल्या दिव्याचाही थेट अभ्यास झाला आहे. ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक स्त्रियांना झोपण्याच्या खोलीतील उजेडाबद्दल विचारले गेले. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर वाढीव धोका आढळला नाही (२०१८). रात्रपाळीत झोप आणि जेवण, दोन्हींच्या वेळा उलटतात. झिरोच्या दिव्याशी तिची तुलना होत नाही.

तेव्हा दिवा मंद, पिवळसर आणि डोळ्यांवर न येणारा असावा. झोपेसाठी ते चांगले. पण त्याची भीती नको.

भीड मात्र सोडायला हवी. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले (२०२१). गाठ लागली आणि दुखत नसली, तरी ती लगेच डॉक्टरांना दाखवावी. पालकसभेत आयांना एवढे जरूर सांगा.