लाकडाची भुकटी, दमा आणि शेजारधर्म

पोळा जवळ आला की आपल्या जिल्ह्यातील अनेक वाढई कुटुंबांत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडविण्याची लगबग सुरू होते. लहान मुलांनी लाकडी नंदी सजवून मिरविण्याची ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची मानली जाते आणि पूर्व विदर्भात तिचा उत्साह आजही टिकून आहे. मात्र ऐन श्रावणातल्या पावसामुळे हे काम अंगणातून उचलून घरात, पडवीत आणावे लागते. कटर व सँडर यांचा आवाज, धुतलेल्या कपड्यांवर बसणारा पिवळसर थर आणि शेजारच्या घरात वाढलेला खोकला यांवरून कुरबुरी सुरू होतात. वर्षभर दारे-चौकटी व फर्निचर करणाऱ्यांच्या गल्लीत तर हा वाद बारमाही असतो. अशा घरांतील दोन्ही बाजूंचे रुग्ण आपल्याच बाह्यरुग्ण विभागात येत असल्याने हा विषय या अहवालात घेतला आहे.

लाकडाची सर्वच धूळ सारखी नसते. रंध्यातून निघणारे पातळ छिलके दिसायला पसारा मोठा करतात, परंतु श्वासात जात नाहीत. करवतीचा जाड भुसाही लवकर खाली बसतो. खरा त्रास देते ती सँडरने वा पॉलिश पेपरने घासताना उडणारी पिठासारखी भुकटी. तिच्यातील मोठे कण नाकात अडकतात. दहा मायक्रॉनहून बारीक कण मात्र हवेत दीर्घकाळ तरंगत राहतात आणि श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. म्हणजे शेजाऱ्याला जे दिसते व खटकते, त्यापेक्षा जे दिसत नाही तेच अधिक अपायकारक असते.

साग व शिसम यांच्या लाकडात काही नैसर्गिक रसायने असतात. कीड व बुरशीपासून लाकडाचे रक्षण करण्यास ती उपयोगी पडतात, परंतु तीच माणसाच्या त्वचेला खाज व पुरळ आणू शकतात. प्लायवुड व एमडीएफ कापताना लाकडाबरोबर चिकटद्रव्यातील फॉर्माल्डिहाइडचाही उपद्रव होतो. काही कारागिरांच्या शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे काम केल्यानंतर अतिसंवेदनशीलता निर्माण होते. त्यानंतर अगदी थोडी भुकटीही शिंका, डोळ्यांची आग व दमा सुरू करण्यास पुरेशी ठरते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता कसे होईल?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न; त्याचे उत्तर यातच आहे.

या दम्याचे एक लक्षण घरच्यांना हमखास चकविते. श्वास अनेकदा काम चालू असताना नव्हे, तर चार-आठ तासांनी, रात्री लागतो. मग दोष थंड हवेला किंवा जेवणातील दह्याला दिला जातो. कारागीर लग्नकार्यासाठी आठ दिवस परगावी गेला की बरा असतो आणि परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा खोकू लागतो, ही खूण डॉक्टरांना अवश्य सांगावी. श्वासाचा जोर मोजणारी एक साधी प्लास्टिकची नळी (पीक फ्लो मीटर) मिळते. तिच्यात दिवसातून चार वेळा फुंकून कामाच्या व सुटीच्या दिवसांचे आकडे दोन-तीन आठवडे वहीत लिहिले, तर रोगाचा कामाशी संबंध बऱ्याच अंशी उघड होतो. हिशेबाच्या माणसाला ही रोजकीर्द फार पटते! देणगीदारांनी मोठ्या यंत्रांबरोबर या स्वस्त नळ्यांचाही विचार करावा. तथापि दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला लाकडाचाच आहे असे घरीच ठरवू नये. क्षयरोगाची थुंकी तपासणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. ती आधी करावी.

याहून गंभीर बाजूही आहे. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात १९६० च्या दशकात लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग लक्षणीय प्रमाणात आढळला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून निश्चितपणे नोंदविली. हा धोका अनेक वर्षे धुळीत काम करणाऱ्याला असतो. भिंतीपलीकडच्या कुटुंबाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. कारागिराचे मात्र एकाच बाजूचे नाक दीर्घकाळ बंद राहत असेल किंवा त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर त्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

शेजाऱ्यांची तक्रार म्हणून खोटी ठरत नाही. आधीपासून दमा असलेले मूल किंवा वृद्ध व्यक्ती थोड्या धुळीनेही बेजार होते. त्यात आपल्याकडील उन्हाळा व कूलर! कूलरचे तोंड कारखान्याच्या बाजूला असेल, तर तो पलीकडची धूळ व थिनरचा वास ओढून थेट खोलीत सोडतो. कूलर दुसऱ्या खिडकीत हलविणे हा पोलीस ठाण्याच्या फेरीपेक्षा खचितच सोपा उपाय आहे.

कायद्याचा मार्ग अर्थातच खुला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लोकांच्या आरोग्यास बाधक व्यवसायाविरुद्ध दंडाधिकाऱ्यांना आदेश देता येतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. परंतु आदेशाने काम बंद पडले तर एका घराची चूल विझते आणि चोरून, दारे लावून चाललेल्या कामाची धूळ त्याच घरातील लेकरांच्या फुप्फुसात जाते. म्हणून शेजाऱ्याने कारागिराशी आधी बोलावे, असे आमचे मत आहे.

बोलणी व्हावीत ती नेमक्या गोष्टींवर. सँडिंग ठरावीक वेळेत व्हावे. सँडरला धूळ-पिशवी जोडावी. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये. भुसा शेगडीत जाळून गल्लीत धूर करू नये. दुपट्टा तोंडाला बांधल्याने बारीक भुकटी अडत नाही, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्कच हवा. कामाचे कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच मुलांना जवळ घ्यावे. साधनांच्या खर्चाबाबत सांगायचे तर, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून साधनसामग्रीसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. अवजारे निवडताना धूळ-पिशवीचा सँडर अवश्य निवडावा.

दमा जडलाच, तर कायद्यानुसार राखीव असलेल्या खाटांमुळे निर्धन रुग्णाची भरतीची सोय होते. दरमहा लागणारा इन्हेलर मात्र खाटेच्या हिशेबात बसत नाही, आणि नेमका तोच पैशाअभावी किंवा ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजामुळे सोडला जातो. औषध साहाय्य निधीस मिळणाऱ्या देणग्यांचे मोल येथे कळते. नातेवाइकांना विनंती की, केसपेपर काढताना ‘व्यवसाय’ या रकान्यात केवळ ‘मजुरी’ असे न लिहिता सुतारकाम, पॉलिश, आरागिरणी असे स्पष्ट लिहावे, आणि घराला लागून असा कारखाना असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.