आजार आपल्या गावात, मग संशोधक आपल्या घरात का नको?

धाराशिव जिल्ह्यात डेंग्यू, चिकनगुनिया, सर्पदंश आणि विंचूदंश म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात जे आजार जास्त आढळतात, त्यांना ‘ट्रॉपिकल डिसीज’ म्हणजेच उष्ण कटिबंधातील आजार म्हणतात. या आजारांवर संशोधन कसं करायचं हे शिकणाऱ्या तरुणांना पैसे मिळतात, ही गोष्ट मात्र फार थोड्या घरांना माहीत आहे.

शिक्षण म्हटलं की आपल्याला फी, डोनेशन आणि कर्ज आठवतं. संशोधन प्रशिक्षणाचं गणित नेमकं उलटं आहे. इथे शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि ते परत करायचं नसतं. त्या बदल्यात काम करावं लागतं, अहवाल द्यावे लागतात आणि अभ्यास पूर्ण करावा लागतो. हे पैसे कोण देतं, का देतं आणि आपल्या मुला-मुलींना तिथपर्यंत कसं पोहोचता येईल, ते आम्ही या लेखात सोप्या शब्दांत सांगणार आहोत.

हे पैसे देतात तरी का?

१८९७ च्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. मलेरियाच्या रुग्णाला चावलेला डास त्यांना हवा होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्यासाठी स्वतःला डास चावून घेतले. एका डासामागे एक आणा, असा मोबदला होता. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटात रॉस यांना मलेरियाचे जंतू दिसले. पुढे कलकत्त्यात मोहम्मद बक्ष हे त्यांचे मदतनीस होते. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल मिळालं. हुसेन खान यांचं नाव फक्त नोंदवहीत उरलं. सिकंदराबादच्या भोवतालचा मुलूख निजामाचा होता आणि त्या काळी आपला जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता.

आजार इथला, रक्त इथलं, पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर लिहिणारा बाहेरचा, असा प्रकार पुढे अनेक दशकं चालला. त्यातून दुसरीही अडचण झाली. हे आजार गरिबांचे असल्याने मोठ्या औषध कंपन्यांना त्यात फायदा दिसत नव्हता. म्हणून १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत ‘टीडीआर’ नावाचा खास कार्यक्रम सुरू झाला. युनिसेफ, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक हे त्याचे भागीदार आहेत. मलेरिया, हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार अशा दुर्लक्षित आजारांवर औषधं आणि उपाय शोधायचे, आणि ज्या देशांत हे आजार आहेत तिथलेच संशोधक तयार करायचे, अशी दोन कामं त्याने हाती घेतली.

याचं फळ भारतातही दिसलं. बिहारमधल्या काळ्या आजारासाठी तोंडाने घ्यायचं पहिलं औषध, मिल्टेफोसिन, टीडीआरच्या भागीदारीत विकसित झालं. त्याच्या चाचण्यांत बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आघाडीवर होते. २००२ मध्ये त्या औषधाला भारतात मान्यता मिळाली.

इथलाच माणूस का हवा?

आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी आणि पाण्याची टंचाई कायमची. तरीही डेंग्यू होतो. हे कसं काय? नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, रांजण भरून ठेवलेले असतात. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा. सल्ला बरोबरच आहे. पण पुढचं पाणी कधी येणार याचा भरवसा नसलेली बाई हौद रिकामा कसा करेल? हा प्रश्न जिनिव्हात बसलेल्या माणसाला सुचेलच असं नाही. परंड्याच्या किंवा भूमच्या मुलीला मात्र तो लगेच सुचेल, कारण तिने तो हौद स्वतः भरलेला असतो.

शेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन तपास केला. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ विसरला गेला आणि २००६ मध्ये तो परत आला, तेव्हा मराठवाड्यात घरंच्या घरं सांधेदुखीने आडवी झाली. जुन्या नमुन्यांशी तुलना करून शास्त्रज्ञांनी दाखवलं की आधीचा विषाणू आशियाई प्रकारचा होता आणि नवा आफ्रिकी प्रकारचा. नमुने जपून ठेवणारी आणि ते वाचता येणारी माणसं राज्यात होती, म्हणून हे कळलं.

दुसरं उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं. ते मूळचे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने मुलं दगावताना त्यांनी पाहिली. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे प्रॅझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. सुमारे ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आल्याचं त्यांनी नोंदवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी हे बहुतांश स्वतःच्या जिद्दीवर केलं. प्रत्येकाला इतकी जिद्द परवडत नाही. प्रशिक्षण अनुदान असतं ते त्यासाठीच.

पुण्यात हे कसं घडलं?

पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती उभी केली. सुरुवातीला संचालक अमेरिकी होते. भारतीय शास्त्रज्ञ तयार होत गेले आणि मग सगळी जबाबदारी आयसीएमआरकडे आली. २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा देशातली पहिली तपासणी याच संस्थेत झाली.

पुण्याच्याच बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत टीबी आणि एचआयव्हीवर काम केलं. तिथल्या डॉक्टर-संशोधकांच्या प्रशिक्षणाला अमेरिकेच्या फोगार्टी इंटरनॅशनल सेंटरचं अनुदान मिळालं. म्हणजे सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना संशोधन शिकण्याची संधी आपल्याच राज्यात मिळाली. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र आहे. तिथे हत्तीरोगाच्या निदानावर काम झालं आहे.

पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी बी. एस्सी. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, झूलॉजी, केमिस्ट्री यांपैकी कोणताही विषय चालतो. नंतर एम. एस्सी. एनआयव्हीमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेला एम. एस्सी. व्हायरॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेतून निवड होते. धाराशिवमध्येही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे.

दुसरी पायरी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ. सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्यामार्फत ती मिळते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. घरभाडे भत्ता वेगळा. पीएच.डी. याच पैशावर होते. सीएसआयआर-यूजीसी नेटसाठी खुल्या गटाला एम. एस्सी.त ५५ टक्के गुण लागतात, नॉन-क्रीमीलेयर ओबीसींना ५० टक्के.

पोरगं किंवा पोरगी एमबीबीएसला असेल तर पीएच.डी.पर्यंत थांबायची गरज नाही. आयसीएमआरची ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजमधल्या मार्गदर्शक शिक्षकांसोबत दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करायचा. प्रकल्प मंजूर होऊन अहवाल स्वीकारला गेला की ५०,००० रुपये आणि प्रमाणपत्र मिळतं. धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथल्या विद्यार्थ्याने इथल्याच डेंग्यूवर किंवा सर्पदंशावर असा प्रकल्प करावा, याहून योग्य जागा कुठली? सर्पदंशाला तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं आहे.

तिसरी पायरी पीएच.डी.नंतरची. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये ‘इंडिया अलायन्स’ सुरू केली. भारतात राहून संशोधन करणाऱ्यांना ती पाच वर्षांची फेलोशिप देत आली आहे. डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांसाठी त्यात वेगळा गट आहे.

टीडीआरही सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देत आली आहे. ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ, इंडोनेशियाचं गजह मादा विद्यापीठ, बैरुतचं अमेरिकन विद्यापीठ अशा ठिकाणी हे अभ्यासक्रम चालले. त्यात शिकवतात ती गोष्ट साधी आहे: औषध आहे, मग ते लोकांपर्यंत पोहोचत का नाही? हत्तीरोगाच्या गोळ्या घरी वाटल्या जातात, पण त्या खाल्ल्या जातात का? रमजानमध्ये गोळ्या वाटायला कोणती वेळ बरी? असे प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचे.

एक सावधगिरी सांगायला हवी. परदेशी पैसा कायम टिकेलच असं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी संस्थांना देण्याच्या संशोधन निधीचे नियम कडक केले. म्हणून पाया देशातल्या फेलोशिपचा ठेवावा आणि परदेशी संधी वरकड समजावी.

मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, मग?

२००९ पासून अल्पसंख्याक समाजातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मिळायची. २०२२-२३ पासून केंद्र सरकारने ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. इतर फेलोशिपशी तिची सरमिसळ होते, असं कारण दिलं गेलं. पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना याचा फटका बसला, हे मान्य करावंच लागेल.

पण सगळे दरवाजे बंद झालेले नाहीत. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. त्यांच्याकडे जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर असेल, तर राज्याच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या योजनांना अर्ज करता येतो. नेटमध्येही सवलत मिळते. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला उभारायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवावं आणि तिचं काम वेगाने सुरू व्हावं म्हणून समाजाने पाठपुरावाही करावा.

घरात काय ठरवायचं?

पहिलं, कागदपत्रं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि गुणपत्रिकेवर तिसरंच स्पेलिंग, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. तो बारावीच्या आधीच मिटवा. ओबीसीचा दाखला असेल तर जात पडताळणी वेळेत करून घ्या.

दुसरं, धीर. बी. एस्सी. झाल्याबरोबर पोरगं कमवायला लागावं, असं अब्बांना वाटणं साहजिक आहे. एम. एस्सी.ची दोन वर्षं सांभाळली, तर पुढची पाच वर्षं त्याच्या हातात दरमहा पैसे असू शकतात. परीक्षा अवघड आहे, एका प्रयत्नात होईलच असं नाही. म्हणून दोन-तीन प्रयत्नांची तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

तिसरं, मुली. आपल्या समाजात विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुली वाढत आहेत. लग्नाची बोलणी करताना तिच्या फेलोशिपचाही विषय काढा. पुण्यातलं वसतिगृह खर्चाचं वाटत असेल, तर जेआरएफची रक्कम आणि घरभाडे भत्ता समोर ठेवून हिशोब करा.

चौथं, जमात. मशिदीची कमिटी, शिक्षण संस्था आणि सधन मंडळी मिळून गरजू मुलांचा परीक्षेचा फॉर्म, पुस्तकं आणि पुण्या-मुंबईचा प्रवास एवढा खर्च तरी उचलू शकतात. जकातीतून कुणाला देता येईल हे आलिमांना विचारून ठरवावं, बाकीच्यांसाठी सदका आणि देणगी आहेच. तालुक्यातून दरवर्षी एक मुलगा किंवा मुलगी नेट-जेआरएफला बसली, तरी पाच वर्षांत पुढच्यांना वाट दाखवणारी माणसं आपल्याच मोहल्ल्यात असतील.