नवे कॅलेंडर मोबाईलवर येण्याआधी

भिंतीवर कॅलेंडर नाही असे घर आपल्या गावात सापडायचे नाही. एकादशी कधी, आज वार कोणता, दुधाचा रतीब किती झाला, गॅसची टाकी कधी लावली, सारे त्याच्यावर लिहिलेले असते. आता हेच कॅलेंडर मोबाईलमध्येही आले आहे. त्याला ॲप म्हणतात. अशी नवी नवी ॲप निघत असतात. त्यांतले कोणते घ्यावे, कोणते घेऊ नये, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी आधी पाहू या, की असे कॅलेंडर लोकांच्या हाती देण्यापूर्वी काय काय तयारी करावी लागते.

पहिली तयारी हिशेबाची. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. सूर्याचे वर्ष मात्र ३६५ दिवसांचे. म्हणजे दर वर्षी ११ दिवसांची तूट आली. तीन वर्षांत ती महिनाभराची होते. ती भरून काढायला आपण अधिक महिना धरतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. मुसलमान बांधवांच्या हिजरी सनात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो; कधी तो उन्हाळ्यात पडतो, कधी थंडीत.

आता तिथी म्हणजे काय ते पाहा. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत चंद्र सूर्यापासून दूर जात जात एक पूर्ण फेरी करतो. या फेरीचे ३० सारखे भाग केले, तर एक भाग म्हणजे एक तिथी. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद. त्यामुळे एखादी तिथी २० तासांच्या आत आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा साधारण नियम आहे. म्हणून तर पंचांगात कधी तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते.

हा हिशेब सगळीकडे एकसारखा नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे चालू आहेत, असे तेव्हा आढळले. समितीने सबंध देशासाठी एक दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. तो दिवस १ चैत्र १८७९. यातला शक तोच, ज्याचे नाते आपल्या पैठणच्या शालिवाहनाशी सांगितले जाते.

हिशेब बरोबर झाला म्हणजे काम झाले का? नाही. तो साध्या माणसाला वाचता आला पाहिजे. पंचांग पूर्वीही होते, पण ते जाणकारालाच कळे. १९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ काढले. पंचांगातली रोजची माहिती तारखेच्या चौकोनात, सोप्या भाषेत आली. मग घरातली बाई, शेतातला गडी, ज्याला ज्याला वाचता येत होते तो आपली तिथी आपणच पाहू लागला. नवे ॲप करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. अक्षर ठळक हवे, भाषा मराठी हवी, आणि हवी ती तारीख चटकन सापडायला हवी.

दुसरी तयारी गावाची. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी दिसतो. नागपूरला मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उजाडते. छत्रपती संभाजीनगरलाही मुंबईच्या सुमारे १० मिनिटे आधी. चंद्रोदयही असाच मागेपुढे होतो. संकष्टीचा उपास चंद्र पाहून सोडणाऱ्याला मुंबईची वेळ घेऊन कसे चालेल? म्हणून चांगले ॲप आधी गाव विचारते. आपल्या शहराचे नाव २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुने नाव टाकले काय आणि नवे टाकले काय, गाव सापडले पाहिजे.

तिसरी तयारी बदलाची. छापलेला कागद बदलत नाही. ईद चंद्र दिसण्यावर असते, त्यामुळे कधी कधी सुट्टी एक दिवस पुढेमागे होते. ऑनलाइन कॅलेंडरची माहिती दूर कुठेतरी मोठ्या संगणकात ठेवलेली असते. तिथे दुरुस्ती केली की ती सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचते. मात्र त्यासाठी रेंज लागते, आणि रेंज आपल्याकडे असते तेव्हा असते! म्हणून रेंज नसतानाही आठवणीची घंटा वाजेल, अशी सोय करणाऱ्याने केली पाहिजे.

ही घंटा हाच खरा फायदा. समजा, बाळ १ जानेवारीला जन्मले. दीड महिन्याची लस म्हणजे मोजून सहा आठवडे, म्हणजे १२ फेब्रुवारी. त्यानंतरच्या दोन चार-चार आठवड्यांनी. या तारखा एकदा घातल्या की आदल्या दिवशी मोबाईल आठवण देतो. कोर्टाची तारीख, बँकेचा हप्ता, पीकविम्याची शेवटची मुदत, यांचेही तेच. एक तारीख हुकली तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते. पण लक्षात ठेवा, आपण लिहू तेवढेच मोबाईल सांगणार. न लिहिलेले त्याला ठाऊक नसते.

शेवटची तयारी परीक्षेची. शहाणे कारागीर नवे ॲप आधी थोड्या लोकांना वापरायला देतात. चुका निघतात, त्या दुरुस्त करतात, आणि मगच ते सर्वांसाठी खुले करतात. तशी परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे आपला मराठवाडा मुक्त झाला तो दिवस काढून पाहा. वार शुक्रवार दिसला पाहिजे. २१०० सालचा फेब्रुवारी काढा. २१०० ला ४ ने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नाही. महिना २८ दिवसांचाच दिसला पाहिजे. येत्या संकष्टीचा चंद्रोदय भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा. मात्र ते कॅलेंडर कोणत्या गावची वेळ देते, ते आधी वाचा. मग इंटरनेट बंद करून पाच मिनिटांनंतरची आठवण लावा आणि घंटा वाजते का ऐका.

आणखी एक परीक्षा आहे, ती सर्वांत महत्त्वाची. ॲप काय काय मागते ते वाचा. वाचल्याशिवाय ‘होय’ दाबू नका. तिथी सांगायला गावाचे नाव पुरते. त्याला तुमच्या बँकेचा खातेनंबर कशाला? आलेला ओटीपी कशाला? तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे फोननंबर तरी कशाला? असे मागणारे कॅलेंडर कितीही देखणे असो, ते मोबाईलमधून काढून टाका.

आणि ज्याची परीक्षा पुरी झाली, त्यात आज एकच तारीख लिहा. घरातल्या बाळाची लस असेल, नाहीतर बँकेचा हप्ता. तीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावरही लिहून ठेवा. घंटा वेळेवर वाजली, तर पुढची तारीख घाला.