पटवाऱ्याचे रकाने

वऱ्हाडात, आमच्या आर्णीकडे, तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात. संगणकवाले ज्याला ‘क्रिएट टेबल’ म्हणतात ते रकाने आखून तक्ता बांधण्याचं काम पटवाऱ्याच्या दप्तरात फार आधी होऊन गेलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी 1860 च्या दशकात सुरू झाली. पलीकडे वर्धा-नागपूरकडे मालगुजारी, इकडे रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. त्यामुळे शेत तेवढे सर्व्हे नंबर, आणि प्रत्येक नंबराची आपली ओळ. आयबीएममधल्या एडगर कॉडने 1970 मध्ये माहिती तक्त्यांत ठेवण्याचं रिलेशनल मॉडेल मांडलं. प्रत्येक ओळ ओळखता येईल अशी किल्ली हवी, हे त्यातलं एक मुख्य सूत्र. आपल्याकडे ती किल्ली बांधावरच्या दगडांनी ठरवली होती.

एकाच वहीत सगळं कोंबलं नाही, हेही शहाणपणाचं. जमीन कोणाची ते नमुना सातमध्ये, पेरा बारामध्ये, खातेदाराची एकूण जमीन आठ-अ मध्ये, आणि हक्कातला बदल सहामध्ये, म्हणजे फेरफारात. त्यातही मला सर्वांत आवडतो तो कंस. जुनं नाव पुसत नाहीत, कंसात घालतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर देतात. नवखा प्रोग्रामर बेधडक ‘डिलीट’ मारतो. पटवारी मारत नसे.

भूमिअभिलेख संगणकीकरणाची केंद्राची योजना 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातून आपला शेजारी वर्धा होता. कागद यंत्रात घालताना खरी परीक्षा रकान्याच्या प्रकाराची. सर्व्हे नंबर म्हटला की आकडा वाटतो, पण पोटहिस्सा ‘12/1अ’ निघाला की आकड्याचा रकाना त्याला घेतच नाही. तिथे अक्षरांचाच रकाना लागतो. क्षेत्राचं दुखणं याहून वाईट. एक हेक्टर चार आर म्हणजे 1.04. घाईत कोणी 1.4 टाइप केलं, तर कागदावर छत्तीस आर वाढले, जवळजवळ एक एकर! यंत्राला दोन्ही आकडे सारखेच बरोबर. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन करून सातबारे मोठ्याने वाचून दाखवावे लागले. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी महसूल संहितेचं कलम 155 होतंच.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. 2020 च्या नव्या नमुन्यात गावाचा संकेतांक आला, खाते क्रमांक इतर हक्कांच्या रकान्यातून उठून खातेदाराच्या नावाजवळ बसला. म्हणजे टेबल चालू असतानाच रकाना हलवला. हे किती जिकिरीचं, ते करणाऱ्यालाच ठाऊक.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत पेरा शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर भरायचा आहे. आमच्याकडे कपाशीत तुरीचे तास असतात. जुन्या नमुना बारामध्ये मिश्र पिकाला वेगळे रकाने होते, आणि घटक पिकांचं क्षेत्र वेगवेगळं लिहायचं होतं. आता तोच हिशेब शेतकरी धुऱ्यावर उभं राहून, रेंज शोधत करतो: यातली कपाशी किती आर, अन् तूर किती?