खाणीशेजारची विहीर

डोंगरात पाऊस मुरतो आणि उन्हाळ्यात पायथ्याच्या विहिरीला पाझरतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण डोंगरच खणला तर? गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील गावांनी ते अनुभवले आहे. तेथे एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन माती उपसावी लागते. खाण भूजलाच्या खाली गेली की खड्ड्यातले पाणी पंपाने बाहेर टाकतात आणि शेजारच्या विहिरी आटतात. पावसाळ्यात ढिगाऱ्यांची तांबडी माती ओढ्यात आणि भातशेतीत उतरते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी २०१२ व २०१८ साली खाणी थांबल्या. २०२४ पासून काही पुन्हा सुरू झाल्या आहेत.

गाळ डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळलेले लोह आणि मँगनीज दिसत नाही. मँगनीज जास्त असेल तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. वरच्या दुधात असे पाणी घातले तर तान्ह्या बाळाला अधिकच.

लोहाची ओळख घरातच पटते. चहा काळपट होतो, धुतलेल्या कपड्यांवर तांबूस डाग पडतात, रात्री भरलेल्या स्वच्छ पाण्याच्या तळाशी सकाळी तांबूस साका दिसतो.

“आम्ही पाणी उकळून पितो, मग कसली भीती?” असे पुष्कळ भगिनी म्हणतात. उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून उकळावेच. पण धातू जात नाहीत. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले तसेच राहते.

लोह कमी करण्यास सोपा उपाय आहे. पाणी या घागरीतून त्या घागरीत उंचावरून चार-पाच वेळा ओतावे, रात्रभर स्थिर ठेवावे, सकाळी वरचे पाणी धुतलेल्या वाळूतून गाळावे आणि मग उकळावे. मँगनीज मात्र एवढ्याने जाईल याचा भरवसा नाही. त्यासाठी तपासणीच हवी. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरे पाणी नसेल तर ०.३ पर्यंत चालते.

तेव्हा गावाजवळ खाण असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवाल व पाण्याची पातळी ग्रामपंचायतीत तारखेसह लिहून ठेवा. २०१५ च्या कायद्याने खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या निधीत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे. ग्रामसभेत ठराव करून मागणी करा. तोंडी तक्रार विसरली जाते, लिहिलेला आकडा विसरता येत नाही.