काटा कुणाच्या भरवशावर?

जुनी जीप किंवा पद्मिनी घेऊन येणारं गिऱ्हाईक डॅशबोर्डकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "एवढी मीटरं चालू करून द्या." मेकॅनिकल बसवू की इलेक्ट्रिक, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जे चांगलं असेल ते." आमचं दुकान वाईत. पसरणी घाट इथूनच सुरू होतो, आणि जुन्या इंजिनाची खरी परीक्षा त्या चढावरच होते. त्यामुळे "चांगलं" म्हणजे काय, ते मी मीटर फसवतं कसं यावरून ठरवतो. फसवतात सगळीच मीटरं. कुठलं कसं फसवणार, एवढं आधी माहीत असलं की झालं.

मेकॅनिकल ऑइल मीटरला करंट लागत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमधून एक बारीक नळी निघते, ती थेट डॅशच्या मागे येते आणि तिच्यात इंजिनाचंच ऑइल असतं. मीटरच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. प्रेशर वाढलं की तिचा बाक थोडा सुटतो. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते ना, तसा. त्या हालचालीवर काटा फिरतो. ही युक्ती यूजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाची, पेटंट १८४९ सालचं. मोटारगाडी तेव्हा जन्मायचीच होती. नळी वाफेच्या बॉयलरांसाठी होती. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरचं घड्याळ आजही त्याच नळीवर चालतं.

टेम्परेचरचं मेकॅनिकल मीटरही तसंच, फक्त त्यात इंजिनाचं पाणी वर येत नाही. हेडमध्ये बसणारा पितळी बल्ब, त्यातून निघालेली केसासारखी बारीक नळी आणि मीटर, हे सगळं एकसंध आणि सीलबंद. आत इथरसारखा पटकन उडणारा द्रव असतो. तो तापला की त्याच्या वाफेचा दाब काटा हलवतो. म्हणून ही नळी तोडून जोडता येत नाही. लांब पडते म्हणून कुणी पक्कड लावली, की मीटर भंगारात. उरलेल्या नळीची मोठी गुंडाळी करून बांधून ठेवायची आणि फायरवॉलला बल्ब जाईल एवढं भोक पाडून रबरी ग्रोमेट बसवायचं.

इलेक्ट्रिकमध्ये ऑइल आणि पाणी बॉनेटखालीच राहतात, आत फक्त वायर येते. टेम्परेचरच्या सेन्सरमधला रेझिस्टन्स तापल्यावर कमी होतो. ऑइलच्या सेन्सरमध्ये पडदा दाबला जातो आणि एक पत्ती रेझिस्टन्सवर सरकते. बसवायला सोपं, गळतीची भीती नाही. पण इथे काटा इंजिनाचं थेट काही सांगत नाही. सेन्सर, वायर, अर्थ आणि बॅटरी, या चौघांच्या तोंडून आलेलं सांगतो.

मागे एक निवृत्त मास्तर एमएम ५४० जीप घेऊन आले. नवाकोरा सेन्सर, नवं मीटर, आणि इंजिन वाफाळलेलं असतानाही काटा थंडच. सेन्सर खोलला तर आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप, चांगले चार वेढे. एका वायरीच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो त्या आट्यांतूनच! टेप काढली, आटे ब्रशने घासले, काटा उठला. मास्तर म्हणाले, "म्हणजे गळती थांबवायला गेले आणि मीटर थांबवलं."

दुसरी भानगड जोडीची. मीटर एका जातीचं, सेन्सर दुसऱ्या, असं चालत नाही. पेट्रोलच्या टाकीतला अमेरिकन पद्धतीचा फ्लोट रिकाम्याला २४० ओहम देतो आणि भरल्यावर ३३. व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीचा रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. अदलाबदल झाली की टाकी भरताना काटा खाली जातो. जुन्या गाड्यांत आणखी एक डबी असते, मीटरांना स्थिर व्होल्टेज देणारी. ती बिघडली की पेट्रोल आणि टेम्परेचर, दोन्ही काटे एकदमच चढतात. अशा वेळी रेडिएटर खोलू नका, डबी बघा.

मग बसवायचं काय? स्वतः बॉनेट उघडणाऱ्या, हौसेने जीप चालवणाऱ्याला मी ऑइलचं मेकॅनिकल सुचवतो. इंजिन गरम असताना आयडलला १०-१५ पीएसआय आणि दर हजार आरपीएमला साधारण १०, हा जुना ठोकताळा त्यावर नीट वाचता येतो. मात्र तांब्याची नळी इंजिनाच्या थरथरीने कडक होऊन तडकते, तिला इंजिनाजवळ एक-दोन वेढे द्यावेच लागतात. नायलॉनची सायलेन्सरच्या पाइपाला टेकली की वितळते. फुटली तर कढत ऑइल ड्रायव्हरच्या पायावर. म्हणून घरच्या माणसांची गाडी असेल तर मी इलेक्ट्रिकच बसवतो. दोन्हीकडे ऑइल प्रेशरचा कंपनीचा लाल दिवा मात्र टी-जोड लावून ठेवतोच. आणि पेट्रोलच्या प्रेशरची नळी केबिनमध्ये आणा, असं कुणी म्हटलं तर मी सरळ नाही म्हणतो.

टेम्परेचरला माझा कौल मेकॅनिकलला आहे. बॅटरी कमजोर असो, अर्थ गंजलेला असो, ते सांगायचं ते सांगतं. ॲमीटर मात्र काढून टाकावा. चार्जिंगचा जवळजवळ सगळा करंट त्याच्यातून जातो आणि मागचा नट ढिला झाला तर वायर तापून जळते. त्याजागी व्होल्टमीटर: इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४.

एका बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच आंधळे. बल्ब किंवा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच काटा खरा. होज फुटून पाणी गेलं की तो नुसत्या वाफेत-हवेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. घाट चढताना तापलेला काटा अचानक उतरला, तर हुश्श म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

इलेक्ट्रिक टेम्परेचर मीटर मेलेलं वाटलं तर नवं घेण्याआधी एक तपासणी करा. चावी ऑन करा, सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. काटा गरमकडे धावला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर किंवा त्याचा अर्थ गेलेला. नाही हलला तर आधी फ्यूज बघा.